निर्णयाचा सराव: आठवी ते बारावीच्या मुलामुलींना जबाबदारीनं ठरवायला कसं शिकवाल?

दहावीचा निकाल लागतो आणि ज्या मुलानं आजवर स्वतःची चप्पलसुद्धा एकट्यानं निवडलेली नसते, त्याला घरातले सगळे एकदम विचारायला लागतात, "मग काय ठरवलंस? सायन्स की कॉमर्स?" तो गोंधळतो. त्या गोंधळावरून याला काही कळत नाही असं घरचे ठरवून टाकतात आणि फॉर्म बाबाच भरतात. दोन वर्षांनी बारावीत मार्क घसरले की "तुम्हीच टाकलंत मला इथे" हे ऐकावं लागतं. त्यात तथ्यही असतं.

ठरवायची सवय लागावी लागते. मूल्यशिक्षणाच्या तासाला फळ्यावर 'योग्य निर्णय घ्यावेत' असं लिहिल्यानं ती लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० च्या दशकात दहा जीवनकौशल्यं सांगितली, त्यात निर्णय घेणंही आहे, आणि शाळेच्या भिंतींवर ती यादी छान रंगवलेलीही असते. पण मुलाला खरा निर्णय द्यावा लागतो. चुकला तर थोडं सोसावं लागेल, पण आयुष्याचं नुकसान होणार नाही, इतक्या आकाराचा. मग हळूहळू आकार वाढवायचा. पुढे दिलेला क्रम आठवी-नववीपासून सुरू केला तर अकरावीच्या फॉर्मपर्यंत मूल बरंच तयार झालेलं असतं. दहावी उलटून गेली असली तरी हरकत नाही, पायऱ्या त्याच आहेत, फक्त भराभर चढाव्या लागतील.

पहिली पायरी: कोणता निर्णय कोणाचा, हे कागदावर लिहा

एका कागदावर तीन रकाने करा: 'माझं मी', 'मिळून' आणि 'आई-बाबांचं'. एक कागद मुलानं भरायचा, एक तुम्ही. एकमेकांचं न बघता. केस कसे कापायचे, कपडे, अभ्यासाची वेळ, झोपायची वेळ, फोन कोणता, क्लास कोणता, मित्राकडे रात्री राहणं, गाडी, सहल, देवळात जायचं की नाही, नातेवाइकांच्या लग्नाला यायचं की नाही. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. जिथे उत्तरं वेगळी आली तिथेच तुमच्या घरातली भांडणं आहेत, असं बहुतेक वेळा दिसेल.

घरात मुलगा आणि मुलगी दोघं असतील तर दोघांचे कागद एकत्र बघाच. सोळा वर्षांच्या मुलाच्या 'माझं मी'मध्ये बारा गोष्टी आणि सतरा वर्षांच्या मुलीच्या रकान्यात तीन, असं चित्र अगदी शिकल्यासवरल्या घरांतही निघतं. सुरक्षिततेची काळजी खरी असते, मान्य. पण मैत्रिणीकडे जायची परवानगी आणि बारावीनंतर काय शिकायचं याची परवानगी एकाच माळेत ओवली जाते. मग ती मुलगी वयाच्या बाविसाव्या वर्षीही कुठला अर्ज भरायचा हे दादाला विचारते आणि आपण म्हणतो, तिला आत्मविश्वासच नाही.

दर सहा महिन्यांनी, म्हणजे दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत, एक-दोन गोष्टी उजवीकडून डावीकडे सरकवायच्या. झोपायची वेळ नववीत 'मिळून'मध्ये असेल, तर अकरावीत ती 'माझं मी'मध्ये जायला हवी. आपोआप सरकत नाही, मुद्दाम सरकवावी लागते.

काही गोष्टी मात्र तुमच्या हातातही नसतात, कारण कायद्यानं त्या ठरवून टाकल्यात. गाडी हे त्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण. "सोळाव्या वर्षी स्कूटी चालते" हे गल्लोगल्ली ऐकू येतं. कायद्यात सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा, आणि शोरूममध्ये दिसणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटर बहुतेक ११० किंवा १२५ सीसीच्या असतात. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, २५० वॉटपर्यंतच्या छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांना परवाना लागत नाही, बाकीच्यांना लागतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनं १९९-अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. ही माहिती मुलाला धमकी म्हणून सांगू नका. त्याच्यासोबत बसून वाचा. त्याला चटकन कळतं की यात बाबांच्या मूडचा काही संबंध नाही.

दुसरी पायरी: पैशांनी सुरुवात करा

दर महिन्याला ठरावीक रक्कम आणि त्यातून कोणते खर्च त्यानं भागवायचे याची यादी द्या: रिचार्ज, वडापाव, मित्रांचे वाढदिवस, वह्या. रक्कम तुमच्या ऐपतीप्रमाणे. यादी महत्त्वाची, कारण नुसते खाऊचे पैसे दिले तर त्यात ठरवण्यासारखं काही नसतं, फक्त उडवणं असतं.

वीस तारखेला पैसे संपतील. तेव्हा गप्प राहणं हाच या पायरीचा अभ्यास, आणि तो तुमचा आहे. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांनाही आधीच सामील करून घ्या. पदराच्या गाठीतली शंभरची नोट सगळी योजना मोडून टाकते, आणि आजीला कोण बोलणार?

रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांनुसार दहा वर्षांवरील मुलांना बँकेच्या धोरणाप्रमाणे स्वतःचं बचत खातं उघडून चालवता येतं. खातं उघडताना एक गोष्ट नक्की बोला. कॉलेजच्या मुलांना "तुझं खातं थोडे दिवस वापरायला दे, पाच हजार देतो" असं सांगणारे लोक भेटतात. त्या खात्यातून सायबर चोरीचे पैसे फिरतात आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारी. मुलाला यात काही गैर वाटत नाही, कारण त्यानं कोणाला फसवलेलं नसतं. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करायचा, हे त्याच्या फोनमध्ये नावासकट जतन करून ठेवा.

तिसरी पायरी: प्रश्न विचारायची पद्धत बदला

किशोरवयातले बहुतेक निर्णय 'करू की नको' या रूपात समोर येतात. जाऊ की नको, सोडू की नको, सांगू की नको. पर्याय दोनच असले की मुलगा एका बाजूला आणि आई-बाबा दुसऱ्या बाजूला जाऊन बसतात. म्हणून पहिला प्रश्न कायम एकच ठेवा: या दोन्हीशिवाय अजून काय करता येईल?

"आई, मला हा क्लास सोडायचाय."

"बरं. सोडणं आणि न सोडणं याशिवाय अजून काय काय करता येईल?"

"म्हणजे?"

"म्हणजे बॅच बदलणं, फक्त गणितासाठी जाणं, सरांशी बोलणं. तूच सांग."

"सकाळची बॅच आहे. पण तिथे ओळखीचं कोणी नाही. तसं बरंच आहे म्हणा."

"बरं कशामुळे?"

"त्या संध्याकाळच्या बॅचमधली मुलं ना..."

इथे आईनं थांबायचं असतं. क्लासची फी, सरांचं नाव, मावशीच्या मुलाचे मार्क, सगळं मागे ठेवायचं आणि ऐकायचं. प्रश्न क्लासचा नव्हताच. 'फी भरलीय, सोडता येणार नाही' असं पहिल्याच वाक्याला उत्तर दिलं असतं तर खरा प्रश्न बाहेर आला नसता.

दुसरा प्रश्न थोड्या मोठ्या निर्णयांसाठी. गॅरी क्लाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं २००७ साली कंपन्यांच्या प्रकल्पांसाठी एक युक्ती मांडली होती, ती घरात उत्तम चालते. निर्णय जवळजवळ ठरला की मुलाला सांगायचं, "समज, दिवाळी झालीय आणि तुझा हा बेत साफ फसलाय. कशामुळे फसला असेल, पाच मिनिटं लिहून काढ." 'काय काय चुकू शकेल?' असं विचारलं की मुलं म्हणतात, काही नाही चुकणार. फसलंय असं गृहीत धरलं की लेखणी चालायला लागते: सकाळी उठवलं नाही, बस चुकली, तो मित्र दुसरीकडे गेला, मला ते जमतच नव्हतं. यातल्या दोन गोष्टींवर आधीच उपाय करता येतो, आणि एखादी अशी निघते की मूल स्वतःच बेत बदलतं.

तिसरा प्रश्न: हे परत फिरवता येईल का? फिरवता येण्याजोगं असेल तर फार चर्चा नको, करू दे. केस निळे केले तर वाढतील. पण एकदा पाठवलेला फोटो परत येत नाही. हा फरक मुलांना लवकर कळतो आणि त्यांना तो आवडतो, कारण त्यामुळे अर्ध्याहून जास्त गोष्टींवरचा तुमचा विरोध गळून पडतो.

चौथी पायरी: दोन मिनिटांत घ्यावे लागणारे निर्णय

वरचं सगळं स्वयंपाकघरात, चहा घेताना, शांतपणे होतं. खरा धोका असतो तो मित्रांसोबत असताना, दोन मिनिटांत ठरणाऱ्या गोष्टींत. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात किशोरवयीन मुलं एकटी असताना जेवढी जोखीम घेत, त्याहून कितीतरी जास्त मित्र शेजारी असताना घेत. प्रौढांमध्ये हा फरक जवळपास दिसला नाही. म्हणजे तुमच्यासमोर समंजसपणे बोलणारा मुलगा खोटं बोलत नसतो. मित्रांत तो वेगळ्या परिस्थितीत असतो, आणि मेंदूचा आवर घालणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो.

म्हणून असे निर्णय त्या क्षणी घ्यायचेच नाहीत, आधी घेऊन ठेवायचे. पावसाळी सहलीचं उदाहरण घेऊ, कारण जूनपासून ऑगस्टपर्यंत महाराष्ट्रातल्या प्रत्येक कॉलेजच्या ग्रुपवर 'रविवारी धबधबा?' हा मेसेज येतोच. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तिथे मोठी माणसं सोबत होती, तरी हे घडलं. वर डोंगरमाथ्यावर पाऊस पडतो, खाली आपल्याला तो दिसतही नाही, आणि काही मिनिटांत पाणी चढतं. गुडघाभर पाण्यात उभं राहिलेल्या माणसाला विचार करायला वेळ मिळत नाही.

सहलीला 'नाही' म्हणण्यापेक्षा, निघण्याआधी मुलाला 'जर-तर' वाक्यं लिहायला लावा. पेटर गोलवित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं दाखवलंय की 'मी काळजी घेईन' असल्या संकल्पापेक्षा 'अमुक झालं तर मी तमुक करीन' असं ठरवलेलं माणूस जास्त पाळतो. वाक्यं अशी:

जर पाणी गढूळ झालं किंवा पानं-काटक्या वाहत यायला लागल्या, तर मी कोणाची वाट न बघता काठावर येईन.
जर फलक लावून जागा बंद केलेली असेल, तर मी पुढे जाणार नाही, ग्रुप गेला तरी.
जर गाडी चालवणारा प्यायलेला असेल, तर मी त्या गाडीत बसणार नाही आणि घरी फोन करीन.
जर ट्रिपल सीट बसायची वेळ आली, तर मी एसटीनं येईन.

शेवटच्या वाक्यासाठी खिशात एसटीपुरते सुटे पैसे आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ हवी. नाहीतर ते वाक्य कागदावरच राहतं.

आता सगळ्यात नाजूक भाग. मित्रांत 'नाही' म्हणणं म्हणजे इज्जतीचा प्रश्न असतो, आणि 'मला हे पटत नाही' असं भाषण कुठलाही सोळा वर्षांचा मुलगा देत नाही. त्याला तोंड वाचवणारं एक वाक्य द्या. "माझ्या बाबांनी लोकेशन लावलंय, आत्ता फोन येईल बघ." "आई जाम कटकट करते रे." थोडक्यात, खलनायक व्हायची तुमची तयारी हवी. त्याच्या मित्रांमध्ये तुमची प्रतिमा खडूस पालकाची झाली तर होऊ दे.

सोबत एक खूण ठरवा. त्यानं एखादं ठरलेलं अक्षर किंवा इमोजी पाठवलं की तुम्ही लगेच फोन करायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, "आत्ताच्या आत्ता घरी ये, आजीला बरं नाही." मग घ्यायला जायचं. त्या रात्री एकही प्रश्न नाही, गाडीत व्याख्यान नाही. बोलणं दुसऱ्या दिवशी, जेवण झाल्यावर. हा करार एकदा जरी मोडलात तरी ती खूण पुन्हा येणार नाही.

पाचवी पायरी: अकरावीचा फॉर्म

हा पहिला मोठा निर्णय, म्हणून इथे घाई नको. निकालाआधी, मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा संपली की सुरुवात करा.

आधी चुकीच्या समजुती बाजूला काढा. एमपीएससी आणि यूपीएससीला कुठल्याही शाखेची पदवी चालते. सीएचा मार्ग बारावीनंतर कोणत्याही शाखेतून सुरू होतो. वकिलीचा पाच वर्षांचा अभ्यासक्रमही तसाच. खडकवासल्याच्या एनडीएत भूदलासाठी बारावीची कुठलीही शाखा चालते, नौदल आणि वायुदलासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेसाठी जीवशास्त्र हवं, आर्किटेक्चरसाठी गणित. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं. आयटीआयचा पर्याय तर सुशिक्षित घरांत कोणी उच्चारतच नाही. का, ते विचारायला हवं.

"सायन्स घे, नंतर कुठेही जाता येतं" हा सल्ला अर्धा खरा आहे. सायन्सनंतर आर्ट्स-कॉमर्सकडे वळता येतं, उलट वळणं फार कठीण, हे बरोबर. पण या मोकळ्या दारांची किंमत असते: दोन वर्षं, क्लासची जबर फी, आणि न आवडणाऱ्या विषयांत पडलेले मार्क, जे पुढे दुसऱ्या दारावर अडवतात. ज्याला गणिताचा कंटाळा आहे त्याला केवळ दारं उघडी ठेवण्यासाठी पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) घ्यायला लावणं मला पटत नाही. पण हे माझं मत झालं. तुमच्या मुलानं त्याचं मत बनवावं यासाठी त्याला कामं द्या.

एक: बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावीची पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. भौतिकशास्त्र, पुस्तपालन व लेखाकर्म आणि राज्यशास्त्र, प्रत्येकाचा एकेक धडा एक-एक तास बसून वाचायचा, उदाहरणं सोडवायची. कुठल्या तासात घड्याळाकडे कमी वेळा बघितलं, ते लिहायचं.

दोन: त्या शाखेत सध्या शिकणाऱ्या, नात्यात नसलेल्या तीन मुलामुलींशी बोलायचं. भेटी त्यानंच ठरवायच्या. प्रश्नही त्याचे. 'स्कोप आहे का?' हा प्रश्न बाद. 'सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत काल काय काय केलंस?' हा ठेवा.

तीन: खर्चाचा खरा आकडा त्याला सांगा. फी, क्लास, प्रवास, राहणं. घरची परिस्थिती लपवून मुलाला 'तुला हवं ते घे' म्हणायचं आणि नंतर कर्जाचा उल्लेख करायचा, हे त्याच्यावर अन्याय करणारं आहे. कमी पैशांतही चांगले निर्णय घेता येतात, पण आकडा माहीत असेल तर.

मग फॉर्म. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होतात. त्या वर्षी दहापर्यंत महाविद्यालयांचा पसंतीक्रम देता येत होता, आणि पहिल्या पसंतीचं महाविद्यालय मिळूनही प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागत होतं. म्हणून पहिल्या क्रमांकावर 'टाकून बघू' म्हणून काही टाकायचं नसतं. चालू वर्षाची माहितीपुस्तिका मुलानं वाचायची आणि तुम्हाला समजावून सांगायची. फॉर्म त्यानंच भरायचा. तुम्ही शेजारी बसा, माउसला हात लावू नका. यादीतल्या पहिल्या तीन महाविद्यालयांना एकदा बस किंवा लोकलनं, सकाळच्या गर्दीच्या वेळी जाऊन या. मोबाइलवर नऊ किलोमीटर दिसणारं अंतर प्रत्यक्षात दीड तासाचं निघतं आणि क्रम तिथेच बदलतो.

शेवटी एक तारीख ठरवा, समजा दिवाळीच्या सुट्टीतला पहिला रविवार. तोवर 'चुकलं की काय' ही चर्चा बंद, दोन्ही बाजूंनी. त्या दिवशी मोकळेपणानं बोलायचं.

निर्णय फसला तर

"मी म्हटलं होतं" हे वाक्य गिळून टाका. त्याऐवजी दोन गोष्टी वेगळ्या करा: ठरवलं कसं, आणि झालं काय. हेल्मेट न घालता सुखरूप घरी आला, तरी ठरवलं ते चूकच होतं. नीट चौकशी करून घेतलेला जुना लॅपटॉप महिन्यात बिघडला, तर ठरवण्यात खोट नव्हती. आपण परिणाम बघूनच ओरडतो किंवा कौतुक करतो, त्यामुळे मुलं नशिबालाच अक्कल समजायला लागतात.

निस्तरायचं मात्र त्यानंच. शेजाऱ्यांची काच फोडली तर जाऊन सांगायचं त्यानं, पैसे त्याच्या महिन्याच्या रकमेतून हप्त्यानं. तुम्ही दारापर्यंत सोबत जा, बोलू नका.

याला अपवाद आहे. झोप उडालीय, जेवण सुटलंय, मित्र तुटलेत, मरणाच्या गोष्टी निघतायत, कोणी धमकावतंय, अशा वेळी 'त्याचं त्याला ठरवू दे' हे चालत नाही. लगेच हात घाला. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत.

अठरा पूर्ण व्हायच्या आत

सतराव्या वाढदिवसापासून एकेक कागद त्याच्या हाती द्या. आधारशी जोडलेला मोबाइल नंबर तुमचा असेल तर त्याचा करून घ्या आणि ओटीपी तुम्हालाही सांगायचा नाही, हे ठरवा. बँकेच्या फॉर्मवर त्याची सही कशी असेल, ती पक्की करू द्या. डॉक्टरकडे एकट्यानं जाऊन स्वतःचा त्रास सांगून येऊ द्या, फाइल त्यानंच सांभाळायची. अठरा पूर्ण झाली की शिकाऊ परवान्याची परीक्षाही त्यानं स्वतः अभ्यास करून द्यावी, एजंटकडून नको. मतदार नोंदणीसाठी सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो. त्यासाठी १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत, म्हणजे ज्या तारखेला अठरा पूर्ण असावी लागतात त्या. अर्ज क्रमांक ६ ऑनलाइन भरता येतो. तो त्याला भरू द्या, आणि मत कोणाला द्यायचं हे घरच्या कागदावर 'माझं मी'च्या रकान्यात लिहा.